आविलाचा तट: तिकीट किती, जेवण किती, आणि पैसे कुठे वाया जातात

माद्रिदहून आविलाला जाऊन एक रात्र राहायचे आणि दुसऱ्या दिवशी परतायचे, तर दोन माणसांना मिळून साधारण ३०० युरो लागतात. हिशेबाच्या सोयीसाठी युरोचा भाव १०० रुपये धरला तर हे झाले ३० हजार. यात आगगाडी, खोली, दोन दिवसांचे खाणे-पिणे आणि तिकिटे सगळे आले. मुंबईहून स्पेनला पोहोचण्याचा खर्च वेगळा. खिशाला खरे भोक तिथेच पडते. पण स्पेनला जायचे ठरलेच असेल, तर त्या सहलीत आविला हे स्वस्तातले प्रकरण आहे. ते महाग होते ते चुकीच्या पद्धतीने पाहिल्यामुळे.

चुकीची पद्धत म्हणजे माद्रिदहून निघणारी एका दिवसाची बससहल. सेगोव्हिया आणि आविला, कधी त्यात तोलेदोही कोंबलेले; माणशी ६० ते १०० युरो. आविलाच्या वाट्याला येतात दोन-अडीच तास. त्यातला एक मार्गदर्शकाच्या छत्रीमागे धावण्यात जातो आणि उरलेल्यात जेवण. तटावर चढण्याचे तिकीट बहुधा वेगळेच काढावे लागते. तेवढ्याच पैशांत स्वतः आगगाडीने जाऊन, तट चढून, पोटभर जेवून येता येते. म्हणून माझे मत सुरुवातीलाच सांगून टाकते: सहल घेऊ नका, आणि जमले तर एक रात्र राहा.

या लेखातले आकडे २०२५ च्या सुमाराचे आणि ढोबळ आहेत. दोन-चार युरो इकडे-तिकडे होतील, हिशेबाची चौकट बदलणार नाही.

निघण्याआधीचा खर्च

शेंगेन व्हिसाचे शुल्क जून २०२४ पासून प्रौढांना ९० युरो आहे, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५, आणि त्याहून लहानांना माफ. त्यावर अर्ज केंद्राचे सेवाशुल्क. महाराष्ट्र आणि गोव्याचे अर्ज स्पेनच्या मुंबईतल्या वकिलातीकडे जातात. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, पंधरा दिवसांच्या आत मात्र नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी भेटीची वेळ मिळवणे हेच मोठे काम होऊन बसते, आणि त्या वेळा विकणारे दलाल भेटतात. त्यांना पैसे देऊ नका. शुल्क भरले म्हणजे व्हिसा मिळाला असे नाही. नाकारला तरी पैसे परत मिळत नाहीत. अर्ज केंद्रात एसएमएस, छायाप्रती, खास प्रतीक्षाकक्ष असल्या जादा सेवा पुढे केल्या जातात. त्या ऐच्छिक असतात. नको म्हटले की पावतीवरून जातात, फक्त नको म्हणावे लागते.

प्रवास विमा सक्तीचा असून त्याचे संरक्षण किमान ३० हजार युरोंचे हवे. दहा-बारा दिवसांसाठी तरुण माणसाला दीड-दोन हजार रुपयांत मिळतो, साठीच्या पुढे हप्ता चढतो. स्पेन आणखी एक गोष्ट पाहतो: खर्चाला पैसे आहेत का? २०२५ मध्ये हा निकष दिवसाला माणशी ११८.४० युरो असा होता, म्हणजे तिथल्या किमान मासिक वेतनाचा दहावा हिस्सा. एवढे खर्च करावेच लागतात असे नाही, खात्यात दिसायला हवेत.

विमानाचे भाडे मुंबईहून जाऊन-येऊन, वाटेत एक थांबा घेऊन, ५५ ते ८५ हजारांच्या दरम्यान पडते. मे महिन्यात आणि दिवाळीत यापेक्षा वर. टूर कंपनीचे पॅकेज घेतले तर त्यावर टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला जातो. तो गेला असे समजू नका, विवरणपत्र भरताना तो तुमच्या प्राप्तिकरात वळता होतो. कंपनीकडून पॅन नोंदवलेली पावती मात्र जपून ठेवा.

कार्डाचे एक दुखणे इथेच सांगते, कारण ते सगळ्या सहलीला पुरते. परदेशात भारतीय कार्ड वापरले की बँक दोन ते साडेतीन टक्के अधिभार लावते आणि त्या अधिभारावर जीएसटी. ते टळत नाही. फॉरेक्स कार्ड घेतले तर कमी होते. टळतो तो दुसरा फटका. दुकानातले यंत्र किंवा एटीएम विचारते, रक्कम रुपयांत भरायची की युरोत? रुपये पाहून बरे वाटते आणि बोट तिकडे जाते. प्रत्येक वेळी युरोच निवडा. रुपयांचा भाव यंत्रवाला स्वतःच्या सोयीने लावतो आणि शंभरामागे चार-पाच रुपये सहज उडतात. एटीएमचे शुल्कही एका वेळेला तीन ते सात युरो असते, त्यामुळे रोकड एकदाच काय ती काढा. आविलात शंभरेक युरो रोख पुरतात. लहान मठ आणि मिठाईची दुकाने सोडली तर कार्ड चालते.

माद्रिद ते आविला

दोन्ही गावांमध्ये अंतर शंभर-सव्वाशे किलोमीटर. आगगाडी चामार्तिन स्थानकातून सुटते, काही गाड्या प्रिन्सिपे पिओहून. दीड ते दोन तास आणि एका वेळचे भाडे साधारण ९ ते १३ युरो. साध्या प्रादेशिक गाडीलाही तिकीट आधी काढलेले बरे, विशेषतः शुक्रवार संध्याकाळ आणि रविवार परतीचे. रेल्वेच्या संकेतस्थळावर भारतीय कार्डे कधी कधी अडतात. तसे झाले तर डोके फिरवून न घेता स्थानकातल्या यंत्रावर किंवा खिडकीवर काढा, भाव तोच. तिकिटांचे दलाली ॲप त्यावर आपले शुल्क चढवते.

बसही आहे, वेळ आणि भाडे जवळजवळ तेवढेच. पण आगगाडी ग्वादारामा डोंगरातून चढत जाते आणि खिडकीतून पाइनची राने दिसतात, म्हणून माझा कौल तिला. पुढे सालामांका करायचे असेल तर आविला वाटेवरच आहे. सालामांकाला इथून तासाभराची गाडी. परत माद्रिदला येऊन तिकडे जाण्यात काहीच अर्थ नाही.

स्थानकातून जुन्या गावापर्यंत दीड किलोमीटर चालणे. टॅक्सी सहा-सात युरो घेते. सामान एका पाठपिशवीत मावत असेल तर चाला, चाकांची मोठी बॅग असेल तर टॅक्सी करा. तटाच्या आत फरसबंदी आहे आणि चाकांचा खडखडाट सगळ्या गल्लीला ऐकू जातो. मोठी बॅग माद्रिदच्या हॉटेलातच ठेवून येणे सर्वांत शहाणपणाचे; बहुतेक हॉटेले परत येणाऱ्या पाहुण्याचे सामान फुकट सांभाळतात.

तट: पैसे वसूल कसे करायचे

गड-किल्ल्यांवर फिरलेल्या मराठी माणसाला आविलाचा तट समजावून सांगावा लागत नाही. बुरूज, चर्या, फांजी सगळे ओळखीचे. नवल वाटते ते शाबूतपणाचे. अडीच किलोमीटरचा पूर्ण वेढा, सरासरी १२ मीटर उंच आणि ३ मीटर रुंद, ऐंशीच्या वर अर्धगोल बुरूज, नऊ वेशी. कुठेही खिंडार नाही. अकराव्या-बाराव्या शतकात, कॅस्टिलच्या राजांनी हा मुलूख घेतल्यावर, तो उभा राहिला. बांधणाऱ्यांनी घाई केली आणि हाताशी आलेला दगड लावला. पूर्वेच्या बाजूला नीट पाहिलेत तर रोमन काळातल्या थडग्यांचे दगड भिंतीत बसवलेले दिसतात. १९८५ मध्ये युनेस्कोने गावाला वारसास्थळ केले.

फांजीवर चढण्याचे तिकीट ५ ते ८ युरोंच्या घरात आहे. विद्यार्थी आणि ज्येष्ठांना सवलत. मंगळवारी दुपारी मोफत प्रवेशाचे तास ठेवण्याची पद्धत आहे. खिडकीवर विचारा, कोणी आपणहून सांगत नाही. तिकीट एकच, पण चालण्याचे टप्पे दोन, आणि इथेच बरेच जण फसतात. आल्कासार वेशीपाशी चढले की लहान टप्पा मिळतो, वीस मिनिटांत संपतो. लोक उतरतात, झाले म्हणतात, आणि त्याच तिकिटावरचा मोठा टप्पा तसाच सोडून देतात. मोठा टप्पा कॅथीड्रलला लागून असलेल्या जुन्या खाटीकखान्याच्या इमारतीतून सुरू होतो आणि उत्तरेच्या बाजूने थेट नदीकडच्या पुलाच्या वेशीपर्यंत जातो. दोन्ही मिळून सुमारे १७०० मीटर. म्हणून तिकीट फाडून टाकू नका.

चालायचे ते पूर्वेकडून पश्चिमेकडे. गाव आदाखा नदीकडे उतरत जाते, त्यामुळे या दिशेने चढ कमी लागतो. प्रत्येक बुरुजावर चार-सहा पायऱ्या वेगळ्या चढाव्या लागतात. सगळे बुरूज चढायची गरज नाही, सान व्हिसेंते वेशीचा तेवढा सोडू नका. दोन प्रचंड बुरुजांना माथ्यावर जोडणारा कमानीचा पूल आणि खाली वेशीतून जाणारी-येणारी माणसे, हे वरून पाहण्यासारखे आहे. आतल्या बाजूला खाली परसबागा, दोरीवर वाळत घातलेले कपडे, एखादी खुर्ची. बाहेरच्या बाजूला एकदम मोकळा माळ. वारा बोचतो. गाव समुद्रसपाटीपासून ११३० मीटरवर आहे. उंची महाबळेश्वरहून थोडी कमी, पण थंडी भलतीच जास्त. जानेवारीत रात्री पारा शून्याखाली जातो, आणि मे महिन्यातही संध्याकाळी जाकीट लागते. सोबत न घेतल्यास गावात विकत घ्यावे लागते, तो खर्च हिशेबात धरलेला नाही.

आई-वडील बरोबर असतील तर त्यांना खालीच बसवून ठेवायचे कारण नाही. युरोपीय महासंघाने सुगम्य शहरांसाठी दिलेला पहिलाच पुरस्कार, २०११ चा, आविलाला मिळाला. तटाचा एक भाग चाकाच्या खुर्चीनेही करता येतो. कोणत्या दरवाजाने चढायचे ते तिकीटखिडकीवर सांगतात.

तटाचे सगळ्यांत चांगले दर्शन मात्र फुकट आहे. पुलाच्या वेशीतून बाहेर पडून नदी ओलांडली की रस्त्याच्या कडेला चार खांबांचे एक छोटे स्मारक लागते, त्याचे नाव क्वात्रो पोस्तेस. वेशीपासून दहा-पंधरा मिनिटे चालणे. तिथून अख्खा तट एका नजरेत येतो. सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी जा आणि दिवे लागेपर्यंत थांबा. एका दिवसाच्या सहलीवाल्यांना हे दिसत नाही, त्यांची बस तेव्हा माद्रिदच्या वाटेवर असते. रात्र राहण्याचे माझ्या लेखी हेच सबळ कारण.

देवळे आणि मठ: कुठे तिकीट काढावे

कॅथीड्रलचे तिकीट ८ युरोंच्या आसपास. गॉथिक कॅथीड्रल स्पेनमध्ये गावोगाव आहेत, मग याला पैसे का द्यावेत? दोन कारणांनी. याचा पूर्वेकडचा भाग थेट तटात घुसलेला आहे. देवळाचा गाभारा हाच तटाचा सर्वांत जाड बुरूज. आणि आतल्या त्या भागाचा दगड पांढऱ्यावर लाल फराटे उठलेला, ओल्या कुंकवाचे हात पुसावेत तसा आहे. छायाचित्रात तो रंगवल्यासारखा दिसतो, जवळ जाऊन हात लावल्याशिवाय पटत नाही. कॅथीड्रलच्या ओवरीत आदोल्फो सुआरेस यांची समाधी आहे. हुकूमशहा फ्रँकोच्या मृत्यूनंतर लोकशाही आणणारे पंतप्रधान ते हेच. माद्रिदला तुमचे विमान उतरते त्या विमानतळाला त्यांचेच नाव आहे.

बाकी गाव संत तेरेसाचे. १५१५ मध्ये ती इथे जन्मली, कार्मेलाइट संन्यासिनींच्या ऐषारामी मठांना कंटाळून १५६२ मध्ये तिने सान होसे हा साधा, कडक शिस्तीचा मठ काढला. आपल्याकडे तिची आणि मदर तेरेसांची सरमिसळ होते. मदरनी नाव घेतले ते फ्रान्समधल्या लिज्यूच्या संत तेरेसचे. गोव्याशी हिचा धागा वेगळा आहे. १२ मार्च १६२२ रोजी रोममध्ये हिला संतपद मिळाले, त्याच समारंभात फ्रान्सिस झेवियर, म्हणजे गोंयच्या सायबालाही मिळाले. पुढे तिच्या सुधारित पंथाचे साधू सतराव्या शतकात गोव्यात पोहोचले.

जन्मघराच्या जागेवर उभे असलेले चर्च पाहायला पैसे पडत नाहीत. शेजारच्या दालनात तिचे अंगठीसकट जपलेले बोट ठेवले आहे. तेही फुकट, बघवत असेल तर. ती जिथे सत्तावीस-अठ्ठावीस वर्षे राहिली तो एन्कार्नासिओन मठ तटाबाहेर आहे. तिकीट दोन ते चार युरो. खोलीतला लाकडी ओंडका ती उशी म्हणून वापरत असे, असे सांगतात. भाविक असाल तर इथे जाच, नसाल तर तोच वेळ सान व्हिसेंते बसिलिकाला द्या. तिथले कोरीव थडगे या गावातले सर्वांत सुंदर शिल्प आहे असे मला वाटते. सांतो तोमास मठ गावाच्या दुसऱ्या टोकाला, तिकीट पाच युरोंच्या आगेमागे. राजा-राणी फर्डिनांड-इसाबेला यांच्या तरुणपणी वारलेल्या मुलाची, राजपुत्र हुआनची, संगमरवरी समाधी तिथे आहे.

गावाचे एक एकत्रित कार्डही मिळते. चार-पाच तिकिटांची ठिकाणे दोन दिवसांत खरोखर करणार असाल तरच ते परवडते. तट, कॅथीड्रल आणि एखादा मठ एवढेच करणार असाल तर सुटी तिकिटे स्वस्त पडतात. आणि वेळांचे भान ठेवा: मठ दुपारी दोन ते चार बंद, हिवाळ्यात सोमवारी बरेच काही बंद. तेव्हा सोमवारी आविलाला जाणे म्हणजे गाडीभाडे निम्मे वाया घालवणे.

जेवण

दुपारी 'मेनू देल दिया' मागा. दोन पदार्थ, पाव, एक पेय आणि गोड किंवा कॉफी, सगळे मिळून १३ ते १८ युरो. हा मेनू दुपारीच मिळतो, दीड ते चार. शनिवार-रविवारी महाग होतो किंवा नसतोच. रात्रीचे जेवण साडेआठच्या आधी मागाल तर स्वयंपाकघर बंद असते. भूक लागली तर बारमध्ये जा. आविलात पेयाबरोबर छोटी तापा बशी आपोआप येते, तिचे पैसे वेगळे लागत नाहीत. दोन ठिकाणी एकेक पेय घेतले की हलके जेवण होते.

साधे नळाचे पाणी मागा. २०२२ च्या कायद्याने हॉटेलांना ते फुकट द्यावेच लागते. नुसते पाणी म्हटले तर बाटली येते आणि दोन युरो लागतात. बिलात पावाचे दीड युरो दिसले तर मेनूवर तसे छापले आहे का पाहा. बाहेर ओट्यावर बसल्यास भाव दहा टक्के चढे असू शकतात. टीपची सक्ती नाही. सुटे नाणे ठेवले की झाले.

इथली ख्याती चुलेतोन नावाच्या गोमांसाच्या जाड कापाची. तो किलोच्या भावाने मिळतो आणि दोघांत एक पुरतो. वजन आधी विचारा, नाहीतर बिल पन्नासच्या पुढे जाते. गोमांस न खाणाऱ्यांनी, आणि शाकाहाऱ्यांनी तर फारच, डोळे उघडे ठेवायचे. बटाट्याच्या लाल भरड्यावर, पातातास रेव्होल्कोनासवर, डुकराच्या चरबीचे तळलेले तुकडे येतात. एल बार्कोच्या प्रसिद्ध घेवड्याच्या उसळीत सॉसेज असते. मिश्र सॅलडमध्ये ट्यूना. 'मांस नको' म्हटल्यावर वेटर मान डोलावतो आणि हॅम घालून आणतो, कारण त्याच्या लेखी हॅमची गणना मांसात नाही. म्हणून एकेक नाव घ्या: 'सिन कार्ने, सिन हामोन, सिन आतून, सिन चोरिसो'. रेव्होल्कोनास तुकड्यांशिवाय मागितले तर काही ठिकाणी देतात. त्यात लाल मिरचीची पूड असते, आपल्या जिभेला बरे वाटते. अंडे चालत असेल तर बटाट्याची तोर्तिया सगळीकडे, तीन-चार युरोंना तुकडा.

गोड म्हणजे येमास. अंड्याचा पिवळा बलक आणि साखर आटवून केलेल्या पिवळ्याधमक गोळ्या, वर साखर भुरभुरलेली. डझनाची पेटी सात-आठ युरोंना मिळते. आधी एक सुटी घेऊन चाखा. फार गोड असतात, आणि अंड्याचा वास सगळ्यांना मानवत नाही. लवकर संपवायला लागतात, तेव्हा पुण्याला न्यायचा बेत असेल तर परतीच्या आदल्या दिवशीच घ्या.

खोली आणि एकूण बेरीज

साधे ओस्ताल, म्हणजे छोटे लॉज, दोघांना ४५ ते ६५ युरो, तीन-चार तारांकित हॉटेल ७० ते ११०, आणि तटाला खेटून असलेला सरकारी हॉटेल पारादोर १०० च्या पुढे. माद्रिदमध्ये याच पैशांत बरीच लहान खोली मिळते, त्यामुळे आविलातली रात्र खर्चात भर टाकत नाही, बहुधा वाचवते. ईस्टरचा आठवडा, सप्टेंबरच्या सुरुवातीचा मध्ययुगीन बाजार आणि १५ ऑक्टोबरचा तेरेसाचा सण या दिवसांत भाव दीडपट होतात. खोली घेताना पासपोर्ट आणि घरचा पत्ता विचारतील. तो कायदा आहे, भांडू नका.

दोघांचा हिशेब असा: आगगाडी ४८, खोली ८०, तट १६, कॅथीड्रल १६, आणखी दोन मठ १६, दोन दुपारची जेवणे ६४, रात्रीचे हलके ३०, सकाळची कॉफी-टोस्ट १२, येमास आणि किरकोळ १५, टॅक्सी १४. एकूण ३११ युरो. खोली ओस्तालची घेतली, टॅक्सी टाळली आणि मठ एकच केला तर २७० पर्यंत उतरते. चुलेतोन आणि पारादोर धरले तर ४०० च्या वर.

कुठे जास्त पैसे लावले असे वाटले, तर आवाज चढवण्याची गरज नाही. 'ओखा दे रेक्लामासिओनेस' मागा. हा तक्रारअर्ज प्रत्येक हॉटेल, दुकान आणि बारला ठेवावाच लागतो आणि मागितल्यावर द्यावाच लागतो. त्याची एक प्रत तुमच्याकडे राहते. नुसते नाव काढले तरी बरेचदा बिल दुरुस्त होऊन येते. नाही आले तर अर्ज भरा. मराठी सहीसुद्धा चालते, फक्त पासपोर्टवरची तीच सही करा आणि बिल जोडा.